तिघा भावांत एक बटीक

तीन भाऊ आणि एक विहीर. प्रश्न अवघड नाही. दोन-दोन दिवस एकेकाचे आणि आठवड्यातला उरलेला एक दिवस फिरता ठेवला की झालं. तीन भाऊ आणि एक फणस? फणस झाडावरच मोजायचे, नाहीतर एक साल एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. तीन भाऊ आणि घरचा गणपती? वर्षाची पाळी. कोकणात खोतीच्या गावांचा कारभारसुद्धा भाऊबंद असा वर्षावर्षाने सांभाळत. त्याला ‘वर्सल’ असा खास शब्दच आहे. आता चौथा प्रश्न. तीन भाऊ आणि घरात राबणारी एक बटीक. पगारी मोलकरीण नव्हे, बटीक. पैसे मोजून आणलेली, आजोबांना कुणी बक्षीस दिलेली किंवा आधीच्या बटकीच्या पोटी याच घरात जन्मलेली. तिची वाटणी कशी करायची?

माझी उभी वकिली ठाण्याच्या दिवाणी कोर्टात वाटणीचे दावे चालवण्यात गेली. राहायला नौपाड्यात, घंटाळीच्या देवळाजवळ. त्यामुळे आता काळा कोट खुंटीला लावला तरी वाटणी काही सुटत नाही. गोखले रोडच्या दोन्ही अंगांना, विष्णुनगरात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या बैठ्या घरांच्या आणि दोन-तीन मजली इमारतींच्या जागी टॉवर उठताहेत. सकाळच्या फेरीत भेटणारा दर दुसरा माणूस मला थांबवून विचारतो, “वकीलसाहेब, अमेरिकेतल्या भावाची सही लागेल का हो?” लागेल, असं मी म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पण वरचा चौथा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. त्याचं उत्तर मात्र कायम माझ्या कपाटात होतं. लक्ष देऊन वाचायला मला पंचवीस वर्षं लागली.

आपल्याकडच्या वाटणीचा मूळ आधार म्हणजे मिताक्षरा. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने अकराव्या शतकाच्या अखेरीला आणि बाराव्याच्या सुरुवातीला, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत कल्याणला लिहिली. (हे वाचून आमच्या काही मित्रांचा ऊर भरून येतो. त्यांना ते डोंबिवलीच्या पुढचं कल्याण वाटतं. ते नव्हे. हे बिदर जिल्ह्यातलं, आजचं बसवकल्याण.) काय वाटायचं नाही याची यादी मनुस्मृतीत आहे. अंगावरचे कपडे, वाहन, दागिने, शिजवलेलं अन्न, पाणी, स्त्रिया, जाण्यायेण्याची वाट. या यादीतल्या ‘स्त्रिया’ म्हणजे कोण, ते विज्ञानेश्वर उलगडून सांगतो. त्या म्हणजे दासी. मग नियम येतो. दासींची संख्या हिश्श्यांशी जुळत नसेल तर त्यांची किंमत करून वाटणी करू नये, त्यांच्याकडून पाळीपाळीने काम करून घ्यावं. त्याच ओघात विहिरीचाही नियम आहे आणि तोही असाच. किंमत करून वाटू नये, पाळीने वापरावी.

बृहस्पतीच्या नावावर असलेलं वचन तर थेट हिशेबाच्या वहीतलं वाटावं असं. दासी पुष्कळ असतील तर सारख्या वाटून घ्याव्यात. एकच असेल तर ज्याचा जसा हिस्सा, त्या प्रमाणात तिने त्याच्या घरी राबावं. वकिलाच्या सवयीने मी आकडे घालून पाहिलं. थोरल्याचा हिस्सा निम्मा आणि मेलेल्या धाकट्याच्या दोन मुलांचा पाव-पाव असेल, तर महिन्यातले पंधरा दिवस ती थोरल्याकडे दळणार आणि साडेसात-साडेसात दिवस एकेका पुतण्याकडे. आठव्या दिवशी दुपारी ती डोक्यावर वळकटी घेऊन एका पडवीतून निघून दुसऱ्या पडवीत जाणार. तिकडची घरधनीण वेगळी, तिकडचं मीठमिरचीचं माप वेगळं. तिचं मूल कुणाच्या पडवीत निजणार, हे त्या वचनात नाही.

जनावराचा नियम मात्र वेगळा आहे. वाटणी झाल्यावर विषम उरलेली एखादी शेळी, मेंढी किंवा घोडा यांचे तुकडे पाडायचे नाहीत, मोल करून पैसेही वाटायचे नाहीत. ते जनावर थोरल्याला देऊन टाकायचं. उरलेल्या शेळीला एक मालक मिळे, उरलेल्या बाईला तीन.

एका ठिकाणी मात्र शास्त्र थबकतं. वडिलांनी ठेवलेल्या दासी संख्येने हिश्श्यांइतक्या असल्या तरी वाटू नयेत. त्याला आधार गौतमाच्या धर्मसूत्राचा. बापाने जिच्याशी संबंध ठेवला ती मुलांच्या वाट्याला जाऊ नये, एवढी लाज त्या नियमात आहे. ती लाज बापाच्या नावाची होती. त्या बाईला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

आता आमच्या ठाण्याचा या प्रकरणात एक छोटा मान आहे, तो सांगायलाच हवा. मुंबई इलाख्यात मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ चालत. दोघांत मतभेद असेल तर साताऱ्याकडे मिताक्षरेचं म्हणणं वर राही. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मात्र मयूख वरचढ. ठाणे उत्तर कोकणात येतं. मयूखाचा कर्ता नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातला. राहणारा काशीचा, घराणं मूळ पैठणचं. पां. वा. काणे यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९२६ साली काढली. माझ्या आधीच्या पिढीचे ठाण्यातले वकील मयूख काखोटीला मारून कोर्टात उभे राहत. अशा ग्रंथांतली दासींची कलमं मात्र जो तो उलटून पुढे जाई, मीसुद्धा. तो ‘कालबाह्य भाग’ होता.

ती कलमं कालबाह्य कधी झाली, हे नंतर पाहू. आधी ही बटीक कोण होती ते बघू.

पेशवाईच्या कागदांत तिला बहुधा ‘कुणबीण’ म्हटलेलं सापडतं. आज हा शब्द ऐकला की आपल्याला कुणब्याची बायको आठवते. मोल्सवर्थच्या जुन्या कोशात मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. कुणबी जातीची बाई आणि विकत घेतलेली दासी. शेजारच्या वाडीतल्या शेतकरणीला आणि आपल्या पडवीतल्या गुलामाला एकच शब्द चालत होता, हीच गोष्ट पुष्कळ सांगून जाते. अमेरिकेतला गुलाम कातडीवरून ओळखू येई. आपल्याकडची बटीक दिसायला शेजारणीसारखी, बोलायला आपल्यासारखी. म्हणून तर ती नंतर गर्दीत मिसळून गेली आणि आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं म्हणायला आपण मोकळे झालो.

ती यायची कुठून? मोहिमेवर गेलेल्या फौजेने पकडून आणलेली. दुष्काळात आईबापांनी मूठभर धान्यासाठी विकलेली. बदकर्माचा आरोप शाबीत होऊन सरकारने शिक्षा म्हणून कुणबीण केलेली. आणि बटकीच्या पोटी जन्मलेली तर आपोआपच. सरकारी कोठीत, पागेत, किल्ल्यांवर कुणबिणी कामाला असत. दळण, कांडण, पाणी भरणं, शेणगोठा, घोड्यांचा दाणा. पोटाला शेर आणि अंगाला लुगडं. खाजगी वाड्यांत त्या विकत येत, बक्षीस म्हणून येत आणि वारशाने पुढच्या पिढीकडे जात. म्हातारी झाल्यावर बदली माणूस देऊन किंवा पैसे भरून सुटका करून घेतल्याच्याही नोंदी आहेत. उच्चवर्णीयांच्या घरात तिच्या हातचं पाणी चालायला हवं, म्हणून तिची जात आधी विचारली जाई. बाजारात तिची किंमत ठरवणारी ती पहिली गोष्ट. हात किती राबतात हा मुद्दा त्यानंतरचा.

ठाण्यात हे त्याआधीही होतंच. १५३४ पासून १७३७ पर्यंत साष्टीचा हा पट्टा पोर्तुगिजांकडे होता. त्यांच्या सरदारांना गावंच्या गावं ‘फोर’ म्हणजे ठरलेल्या धाऱ्यावर मिळत, तीही बहुधा तीन पिढ्यांच्या हयातीपुरती. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तोच शब्द अडकून राहिला आहे. त्या सरदारांच्या घरांत आफ्रिकेतून आणलेले काफरी गुलाम असत आणि इथलेही असत. तिसऱ्या पिढीला गाव सरकारजमा होण्याची भीती असे. घरातली माणसं मात्र मालमत्ता म्हणून पुढे जात.

शिवाजी महाराजांची एक गोष्ट इथे न सांगता पुढे जाववत नाही. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत डच कंपनीला व्यापाराचा कौल देताना त्यांनी स्पष्ट अट घातली. आधीच्या राजवटीत तुम्ही बायकापुरुष विकत घेऊन नेत होतात, माझ्या मुलखात ते चालणार नाही, नेऊ लागलात तर माझी माणसं अडवतील. डच कागदपत्रांत हे नोंदलेलं आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी पुण्याच्या कोठीत कुणबिणींना शेर मोजून दिला जात होता, हेही नोंदलेलं आहे.

आता एक साल लक्षात ठेवा, १८२७. या एका सालात इतकं काही घडलं की मला अजून नवल वाटतं. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतली नवी कायद्यांची संहिता मुंबई इलाख्यात लागू झाली. हॅरी बोराडेलने केलेलं व्यवहारमयूखाचं इंग्रजी भाषांतर सुरतेला छापलं गेलं. दख्खनच्या जातीजातींचे रिवाज आणि वारसाचे नियम गोळा करून आर्थर स्टीलने आपला ग्रंथ सादर केला. नव्या इंग्रजी न्यायाधीशाला बटीक कुणाची, हे ठरवायला आता पुस्तकं मिळाली.

त्याच साली, जानेवारीच्या थंडीत, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मॉन्टिसेलोच्या अंगणात लिलाव चालू होता. थॉमस जेफर्सन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, आदल्या जुलैत डोईवर कर्ज ठेवून वारला होता. जाहिरातीत १३० माणसं विक्रीला होती. आणि त्याच साली शरदात, मेरीलँडच्या टॅल्बट परगण्यात ॲरन अँथनी नावाच्या एका मध्यम मालकाची वाटणी झाली. तो मृत्युपत्र न करता वारला होता. बाल्टिमोरला कामाला ठेवलेला नऊएक वर्षांचा एक मुलगा त्यासाठी परत आणला गेला. पुढे १८३८ मध्ये तो पळाला, फ्रेडरिक डग्लस म्हणून जगाला माहीत झाला आणि १८४५ च्या आत्मकथनात त्याने ती वाटणी लिहून ठेवली.

डग्लसने सांगितलेलं ते दृश्य माझ्यासारख्या वाटणीच्या वकिलाने वाचलं की घशाशी येतं, कारण त्यातली पद्धत ओळखीची आहे. मूल्यांकन करणारे पंच येतात. म्हातारे आणि तरणे, विवाहित आणि अविवाहित, सगळे घोड्यांच्या, मेंढरांच्या, डुकरांच्या रांगेत उभे केले जातात. सर्वांची सारखी तपासणी होते. मग सारख्या मोलाचे वाटे पाडले जातात. कोण कुणाच्या वाट्याला जाणार हे कळायच्या आधीची घालमेल त्याच्या आठवणीत कायमची राहिली, कारण वारसांपैकी अँड्र्यू दारुडा आणि क्रूर होता. त्याने डग्लसच्या डोळ्यांदेखत त्याच्या भावाला जमिनीवर पाडून टाचेने डोकं तुडवलं होतं. पोरगं अँड्र्यूच्या वाट्याला गेलं नाही. ते मृत मुलीच्या हिश्श्यात, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे गेलं आणि परत बाल्टिमोरला पाठवलं गेलं. एवढ्याशा फरकावर जगाने एक वक्ता कमावला.

ठाण्याच्या कोर्टात आजही घराची वाटणी होते तेव्हा कमिशनर नेमतात. तो जागेवर जातो, मोजमाप घेतो, वाटे सुचवतो, कमीजास्त असेल त्याची भरपाई रोखीने ठरवतो. अमेरिकेच्या दक्षिणेतली कोर्टंही हेच करत. यादी, मोल, वाटे, भरपाई. तीच चौकट, तीच शिस्त. यादीतला एक रकाना सोडला तर त्या कागदांत मला चूक काढता आली नसती.

अमेरिकेत वाटणीने माणसं कशी फाटली, याचं सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचं. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्याचे स्वतःचे. त्यांना आपल्या पत्नीच्या पश्चात मोकळं करावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. पण १५३ जणांवर त्याचा हक्कच नव्हता. पत्नी मार्थाचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला होता. तिथल्या कायद्याने विधवेला एक तृतीयांश मालमत्ता मिळे, पण हयातीपुरती. उपभोग घ्यायचा, विकायचं नाही, मोकळंही करायचं नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. १९५६ पर्यंत आपल्याकडच्या हिंदू विधवेचा हक्कही असाच हयातीपुरता होता. मार्था १८०२ मध्ये वारली आणि ते १५३ जण कस्टिसच्या चार नातवंडांत वाटले गेले. मधल्या चाळीस वर्षांत वॉशिंग्टनच्या गुलामांची आणि कस्टिसकडच्या गुलामांची आपसांत लग्नं झाली होती. नवरा मोकळा आणि बायको पोरांसह नातवंडांच्या वाट्यात, अशी घरं तिथे होती.

जेफर्सनकडची एक बाब याहून विचित्र. त्याचा सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला आणि त्याच्या वाटणीतून १३५ माणसं मुलीकडे, म्हणजे जेफर्सनच्या घरी आली. त्यात एलिझाबेथ हेमिंग्ज होती आणि तिच्या कडेवर सॅली नावाची तान्ही मुलगी. इतिहासकारांच्या मते सॅली जॉन वेल्सचीच मुलगी होती. एका बहिणीला दुसरी बहीण वारशात मिळाली. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरवलं होतं, बापाचं नाव काहीही असो. त्या एका कलमाने मालकांची कितीतरी पोटची पोरं त्यांच्या वाटणीच्या यादीत आली.

आणि बटलर. अमेरिकेच्या संविधानावर सही करणाऱ्या पियर्स बटलरची जॉर्जियातली भात-कापसाची जमीन आणि माणसं दोघा नातवांकडे आली. त्यातल्या एकाने जुगारात आणि सट्ट्यात आपला हिस्सा घालवला. सुमारे ९०० माणसांचे दोन वाटे पडले, आणि त्याच्या वाट्यातले लोक मार्च १८५९ मध्ये सव्हाना गावाबाहेरच्या रेसकोर्सवर विकायला काढले. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. दोन दिवसांत ४२९ माणसं विकली गेली. एकूण ३,०३,८५० डॉलर. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. तिथले लोक त्याला रडण्याचे दिवस म्हणू लागले.

आता कुणी म्हणेल, पाहा, आपलं शास्त्र किती दयाळू! विकून पैसे वाटायला मनाई केली, पाळी लावून दिली. हा युक्तिवाद मी एका परिसंवादात ऐकला आहे, आणि टाळ्याही ऐकल्या आहेत. मला तो पटत नाही. एक तर मनाई उरलेल्या, न जुळणाऱ्या दासींपुरती होती. तिघा भावांत तीन असल्या तर एकेक जण घेऊन जाई, मग त्या तिघींत आई आणि लेक असली तरी. दुसरं म्हणजे वाटणीच्या वेळी विकू नये असं सांगणाऱ्या ग्रंथाने एरवीची खरेदीविक्री थांबवलेली नव्हती. पाळीचा नियम भावांत तंटा होऊ नये म्हणून होता. मला विचाराल तर सव्हानाचा पाऊस आणि आमची पडवी यांत डावंउजवं करायचं कारणच नाही. एक मात्र खरं. तिथे डग्लस होता. इथल्या पडवीतून निघालेल्या बटकीने लिहिलेलं एक पान माझ्या वाचनात आलेलं नाही.

मग ही कलमं कालबाह्य कधी झाली? इंग्रजांनी १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामी बंद करायचा कायदा केला आणि मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. इथे कायदा आला दहा वर्षांनी, १८४३ चा पाचवा. कलमं फक्त चार. सरकारी देण्यापायी किंवा हुकूमनाम्याच्या वसुलीत कुणालाही गुलाम म्हणून विकायचं नाही. गुलाम म्हणून कुणावर हक्क सांगितला तर कोणत्याही कोर्टाने तो मानायचा नाही. गुलाम होता किंवा गुलामाचा वारस होता म्हणून कुणाची कमावलेली वा वारशाने मिळालेली मालमत्ता हिसकावायची नाही. आणि मोकळ्या माणसाच्या बाबतीत जो गुन्हा, तो गुलामाच्या बाबतीतही गुन्हा.

नीट वाचा. यात ‘सगळे गुलाम आजपासून मोकळे’ असं वाक्य नाही. भरपाई नाही, दवंडी नाही. कायद्याने फक्त कोर्टाचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ठाण्यातल्या धाकट्या भावाला ‘माझी पाळी असताना थोरल्याने बटीक पाठवली नाही’ असा दावा लावता येईना. पण तिला हे कुणी सांगितलं असेल? थोरल्याने? गुलामांचा व्यापार हा फौजदारी गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने, जी १८६२ पासून अमलात आली. तोवर वीस वर्षं गेली होती. मला त्या चारांतलं तिसरं कलम सर्वांत मोठं वाटतं. आजवर जी वाटणीच्या यादीतली एक ओळ होती, तिच्या गाठीला चार पैसे असतील तर ते आता तिचेच होते, आणि ते ती मुलाला ठेवू शकत होती.

आणि मुलं? शब्द आपल्याला माहीत आहेत. लेकावळे. अक्करमाशी. बारा माशांचा एक तोळा, अकरा भरले की एक कमी. सोनाराच्या काट्यावरून उचललेला हा शब्द माणसाला लावला गेला. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये तोच आपल्या आत्मकथनाच्या कपाळावर लिहिला. याज्ञवल्क्याचा नियम असा. शूद्राला दासीपासून झालेल्या मुलाला बाप आपल्या हयातीत हिस्सा देऊ शकतो, आणि बाप गेल्यावर भावांनी त्याला अर्धा भाग द्यावा. वरच्या तीन वर्णांत मात्र दासीपुत्राला हिस्सा नाही, फार तर अन्नवस्त्र. त्यामुळे वारसाचा दावा लागला की घराणं शूद्र की क्षत्रिय हा वाद कोर्टात उभा राही. एरवी मिशीला पीळ देणारी माणसं हिस्सा वाचवायला किंवा मिळवायला वर्ण बदलून बोलत.

गुलामी गेल्यावर यात एक गंमत झाली. दासीच उरली नाही, तर दासीपुत्र कोण? कलकत्ता हायकोर्टाने १८७५ मध्ये म्हटलं, दासी म्हणजे खरोखरची गुलाम, आणि आता गुलाम नाहीत. म्हणजे हिस्सा मागणाराच संपला. त्याच सुमाराला राही विरुद्ध गोविंद या खटल्यात मुंबई हायकोर्टाने शब्द सैल धरला. कायम ठेवलेली बाई म्हणजे दासी. मुंबईच्या अर्थाने अनेक पोरांना थोडी जमीन मिळाली. पण त्यासाठी त्यांना भर कोर्टात शपथेवर सांगावं लागे, माझी आई दासी. हा नियम १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने संपवला.

पुढचं नौपाड्यातल्या प्रत्येक घराला पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबात जन्माने हिस्सा दिला, केंद्राने तो २००५ मध्ये देशभर दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप २००५ च्या आधी वारला होता की नंतर, हा घोळ मिटवला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अवैध ठरलेल्या लग्नातल्या मुलांनाही बापाच्या वाट्यातला हिस्सा दिला. आता घरं पाडायची वेळ आली की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. साडी देतात, पेढे देतात. त्यातल्या किती जणी मजकूर वाचतात, हे मी कोर्टाबाहेरच्या पायरीवर बसून पुष्कळ पाहिलं आहे.

आणि घर वाटता येत नसेल तर ते विकून पैसे वाटायची मुभा १८९३ चा वाटणी कायदा देतो. त्यात हरकत नाही. घर आहे ते.

आता तुमच्याकडे एक काम आहे. गेल्या पाच-सात वर्षांत आमच्या आळीतली किती घरं पडली, ते मोजणं मी सोडून दिलं. प्रत्येक घरातून माळ्यावरची एक ट्रंक खाली येते. तिच्यात जुन्या पत्रिका असतात, पावत्या असतात, आणि तळाशी कापडात गुंडाळलेली मोडीतली चारदोन बंडलं. “कुणाला वाचता येतंय?” असं म्हणून ती रद्दीत जातात. आमच्या मागच्या इमारतीतून अशी एक ट्रंक गेली तेव्हा मी गावी होतो, अजून चुटपुट लागून आहे. पणजोबांची घरवाटणी त्या बंडलांतच असते. घर, बाग, पितळी समया, तांब्याचे हंडे, गुरं, आणि एखाद्या घरात त्याखाली बापाचं नाव नसलेलं, नुसतं एक पहिलं नाव. तेवढाच तिचा पुरावा. तेव्हा विकासकाला चावी द्यायच्या आधी ट्रंक उघडा. मोडी वाचणारी माणसं ठाण्यात आहेत, पुण्याला १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि तसलं नाव सापडलंच, तर घराण्याची अब्रू म्हणून तो कागद फाडू नका.